शरीररचना आणि शरीरक्रिया: कोकणातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विषय सगळ्या कोर्सना सारखाच असतो का?

नाव सारखं, खोली वेगळी. एमबीबीएसला अ‍ॅनॉटॉमी आणि फिजिऑलॉजी असे दोन स्वतंत्र विषय असतात. बीएएमएसला रचना शारीर आणि क्रिया शारीर. फिजिओथेरपीवाल्यांना प्रत्येक स्नायूचा उगम, शेवट, नस (म्हणजे नर्व्ह) आणि काम तोंडपाठ लागतं. नर्सिंगला शरीराच्या पृष्ठभागावरच्या खुणांना जास्त वजन, कारण इंजेक्शनची जागा त्यांवरूनच ठरते. बीफार्मला पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये हा विषय येतो आणि त्यात फिजिऑलॉजीचा भाग मोठा. अलिबाग, रत्नागिरी, ओरोस किंवा डेरवण, कुठेही शिकत असाल तरी वरिष्ठांच्या नोट्स घेताना त्या कोणत्या कोर्सच्या आहेत ते आधी विचारा. फिजिओच्या नोट्सवर फार्मसीचा पेपर निघत नाही.

बारावीपर्यंत मराठीत विचार केला. ही इंग्रजी-लॅटिन नावं डोक्यात कशी बसवायची?

नाव पाठ करू नका, फोडा. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड या मानेच्या स्नायूचं नाव म्हणजे पत्ता आहे: स्टर्नम (छातीचं मधलं हाड) आणि क्लॅव्हिकल (गळ्याखालचं आडवं हाड) यांपासून निघतो, कानामागच्या मॅस्टॉइडवर संपतो. आता हनुवटी उजवीकडे वळवा आणि मानेवर डाव्या बाजूला जो दोर ताठ होतो तो बोटात धरा. डावा स्नायू तोंड उजवीकडे वळवतो, हे यानंतर वेगळं पाठ करावं लागत नाही.

घरातले शब्द टाकून देऊ नका. नडगी म्हणजे टिबियाची पुढची कड, माकडहाड म्हणजे कॉक्सिक्स, खुबा म्हणजे हिप, पानथरी म्हणजे स्प्लीन. आजीला ‘पानथरी वाढली’ म्हणजे काय ते ठाऊक असतं, फक्त ती बरगड्यांखाली डावीकडे असते हे तुम्ही शिकलात. एक शब्द मात्र फसवा आहे: काळीज. बोलण्यात, म्हणींत काळीज म्हणजे हृदय, आणि मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे लिव्हर. तोंडी परीक्षेत मराठीतून उत्तर द्यायची मुभा मिळाली तर यकृत आणि हृदय हेच शब्द वापरा.

दुसरा धोका देवनागरीत नोट्स काढण्याचा. ‘इलियम’ असं एकच लिहिलंत तर ते लहान आतड्याचा शेवटचा भाग की कमरेचं हाड? इंग्रजी स्पेलिंगमध्ये आतड्याच्या नावात मध्ये ‘ई’ हे अक्षर आहे, हाडाच्या नावात ‘आय’. पेरोनियल (पायाच्या बाहेरच्या अंगाची नस) आणि पेरिनियल (मांड्यांच्या मधला भाग) ही जोडीसुद्धा दरवर्षी मार्क खाते. अशा जोड्यांची वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी यादी करा, स्पेलिंगसकट.

आधी अ‍ॅनॉटॉमी संपवू की फिजिऑलॉजी?

दोन्ही एकत्र, एकेका शरीरसंस्थेनुसार. किडनीचं उदाहरण घ्या. ग्लोमेरुलसमध्ये (रक्त गाळणाऱ्या बारीक वाहिन्यांच्या गुंत्यात) रक्त आणणारी धमनी रुंद आणि बाहेर नेणारी अरुंद, ही झाली रचना. त्यामुळे आतला दाब जास्त राहतो आणि मिनिटाला साधारण 125 मिली द्रव गाळला जातो, ही झाली क्रिया. दिवसाला ते 180 लिटर होतं आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. उरलेलं पाणी कुठे गेलं, हा प्रश्न पडला की ट्यूब्यूलचा (पुढच्या बारीक नळीचा) धडा स्वतःहून वाचला जातो.

हाड हातात दिलं की उजवं-डावं कसं ओळखायचं? गोंधळ उडतो.

गोंधळ उडतो कारण विद्यार्थी हाड आपल्याकडे तोंड करून धरतात. नेहमी असं समजा की हाडाचा मालक तुमच्या पुढे, तुमच्याच दिशेला तोंड करून उभा आहे. मग त्याची उजवी बाजू तीच तुमची उजवी.

ह्युमरस (दंडाचं हाड) घ्या. गोल डोकं वर. खालच्या टोकाला एका बाजूने खोल खळगा आहे, तो ओलेक्रेनॉन फॉसा. कोपर सरळ केल्यावर अल्नाचं (पुढल्या हाताच्या हाडाचं) टोक त्यात जाऊन बसतं. हा खळगा मागच्या बाजूला असतो, म्हणून तो तुमच्याकडे यायला हवा. आता डोकं कुठे बघतंय? ते नेहमी शरीराच्या मध्याकडे बघतं. डावीकडे बघत असेल तर हाड उजव्या हाताचं. झालं. तीन खुणा, तीन दिशा: वर-खाली, पुढे-मागे, आत-बाहेर. प्रत्येक हाडाला या तिन्ही दिशांची एकेक खूण ठरवून ठेवा आणि परीक्षकासमोर त्याच क्रमाने बोला.

क्लॅव्हिकल सगळ्यांना छळतं. जाड, चौकोनी टोक स्टर्नमकडचं. चपटं टोक खांद्याकडचं. आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला, बाहेरचा एक तृतीयांश मागे. मधल्या भागात लांबट खाच असलेली बाजू खालची, तिथे सबक्लॅव्हियस स्नायू चिकटतो. हे दोन बाक जिथे मिळतात तिथे हाड सगळ्यात कच्चं. पावसात घाटात बाइक घसरून हात टेकला की बहुधा तिथेच मोडतं. फिब्युलाचं (पायातल्या बाहेरच्या बारीक हाडाचं) खालचं टोक हातात आलं तर त्रिकोणी गुळगुळीत पृष्ठ आत आणि त्याच्यामागचा खळगा मागे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

ओळख पटली की पुढचा प्रश्न ठरलेला: इथे मोडलं तर कोणती नस जाईल? ह्युमरसच्या मानेपाशी अ‍ॅक्झिलरी, मधल्या दांड्याच्या मागच्या खाचेत रेडियल (मनगट लोंबकळतं), कोपराच्या आतल्या उंचवट्यामागे अल्नर. कोपर कठड्याला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात त्या याच नसेच्या.

प्लास्टिकची हाडं ओळखीपुरती ठीक. स्नायूंच्या खरखरीत खुणा आणि रक्तवाहिनीचं बारीक छिद्र त्यांत बहुतेक वेळा नीट उतरत नाही. लांब हाडांतल्या त्या छिद्रांची दिशा ‘कोपराकडे धाव, गुडघ्यापासून पळ’ अशी असते, आणि हे बघायला खरं हाड लागतं.

पावसाळ्यात हाडांना आणि मायक्रोस्कोपला बुरशी येते. उपाय?

जून ते सप्टेंबर हा प्रश्न कोकणात सुटत नाही, आटोक्यात ठेवावा लागतो. हाडं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. आतला ओलावा तिथेच कोंडतो. सुती पिशवी किंवा वर्तमानपत्र, आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. बुरशी दिसली तर मऊ ब्रशने झाडा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, सावलीत वाळवा. कडक उन्हात ठेवलेली ओली हाडं तडकतात.

मायक्रोस्कोपच्या लेन्सवर बुरशी धरली की ती काचेवरचा थर खाते, तो परत येत नाही. निळं सिलिका जेल गुलाबी झालं म्हणजे ते ओलावा पिऊन भरलं. गरम करून परत निळं करता येतं. ऑइल इमर्शन लेन्सवरचं तेल काम झाल्याबरोबर लेन्स पेपरने टिपा. झायलिन अगदी थेंबभर, कारण जास्त झालं तर लेन्स बसवलेला चिकट पदार्थच सुटतो. आणि ओढणीच्या टोकाने लेन्स पुसणं आजपासून बंद.

डिसेक्शन हॉलमध्ये डोळे चुरचुरतात, पहिल्या दिवशी भीतीही वाटते.

चुरचुर शव टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनची. बाटलीतलं फॉर्मॅलिन म्हणजे सुमारे 37 ते 40 टक्के फॉर्मल्डिहाइडचं पाणी, त्यामुळे ‘10 टक्के फॉर्मॅलिन’ म्हणजे प्रत्यक्षात जवळपास 4 टक्के फॉर्मल्डिहाइड. हा हिशोब तोंडी परीक्षेतही विचारतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालून जाऊ नका, बंद बूट घाला, उपाशी जाऊ नका. चक्कर येतेय असं वाटलं तर खाली बसा. उभं राहून धीर धरणारेच पडतात.

भीतीबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही, आठवडाभरात ती कुतूहलात मिसळते. ते शरीर कुणीतरी स्वेच्छेने दिलेलं असतं किंवा 1949च्या शरीरशास्त्र कायद्याखाली बेवारस म्हणून आलेलं असतं. फोटो काढायचे नाहीत, टोपणनावं ठेवायची नाहीत.

तंत्रातली नेहमीची चूक म्हणजे पहिलाच छेद खोल जाणं. त्वचेखालच्या चरबीत त्वचेच्या नसा असतात, त्या तिथेच तुटतात आणि मग दिवसभर शोधल्या तरी मिळत नाहीत. त्वचेपुरताच छेद घ्या, कोपरा चिमट्यात धरून ताण द्या आणि पातं त्वचेच्या बाजूला वळवून ती सोडवा. पुढे पातं बाजूला ठेवा. बंद कात्री टिश्यूत घालून उघडायची, म्हणजे धागे सुटतात आणि नस शाबूत राहते. तास संपला की ओलं फडकं झाका. पंख्याखाली उघडा राहिलेला स्नायू दुसऱ्या दिवशी सुक्या बोंबलासारखा होतो.

आमच्याकडे शव नाही (फार्मसी, नर्सिंग). मग हृदय कसं समजायचं?

बकऱ्याचं हृदय आणा. मटणवाल्याकडे त्याला दिल म्हणतात. आदल्या दिवशी सांगून ठेवा की वरच्या नळ्यांसकट हवंय, नाहीतर तो सवयीने वरचा भाग साफ करून देतो आणि एट्रियम (वरचा कप्पा), एओर्टा (मुख्य धमनी) दोन्ही जातात.

नळाखाली धुऊन आतल्या गुठळ्या काढा. दोन बोटांनी भिंती दाबून पाहा: कडक बाजू डावी, लिबलिबीत उजवी. हृदयाचं टोकही डाव्या व्हेंट्रिकलचंच (खालच्या कप्प्याचं). आता छेद रक्ताच्या वाटेने घ्या. व्हेना केव्हातून (हृदयात रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेतून) कात्री घालून उजवं एट्रियम उघडा, तिथून ट्रायकस्पिड झडपेतून खाली उजवं व्हेंट्रिकल, मग वर पल्मनरी धमनीत. तसंच डावीकडे. डाव्या व्हेंट्रिकलची भिंत उजवीच्या साधारण तिप्पट जाड दिसेल. झडपेच्या पाकळ्यांना खाली पांढऱ्या दोऱ्या बांधलेल्या असतात, त्या पॅपिलरी स्नायूंना जोडलेल्या. दोरी ओढून बघा. इथे बहुतेकांचा समज दुरुस्त होतो: या दोऱ्या झडप उघडत नाहीत, ती उलटी पलटू नये म्हणून धरून ठेवतात.

एओर्टा कापण्याआधी एक प्रयोग करा. तिच्यात वरून हळू पाणी ओता. तीन खिसे फुगून एकमेकांना भिडतील आणि पाणी अडेल. थोडं गळलं तर कात्रीचं टोक कुठेतरी लागलंय. मग एओर्टा उभी चिरा, खिशांच्या मागे दोन भोकं दिसतील, तिथून हृदयाच्या स्वतःच्या धमन्या निघतात. हातमोजे वापरा, सुरी आणि पाट साबणाने धुवा.

साहलीच्या पद्धतीने प्रत्येकाचं हिमोग्लोबिन वेगळं येतं. कुठे चुकतं?

पद्धतच ढोबळ आहे, पण निम्म्या चुका हाताच्या. नळीत एन/10 हायड्रोक्लोरिक आम्ल 2 ग्रॅमच्या खुणेपर्यंत घ्या. अनामिकेच्या टोकाची बाजू स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर थेंब पसरतो. पहिला थेंब पुसून टाका. पिपेटमध्ये 20 मायक्रोलिटरच्या खुणेपर्यंत रक्त, मध्ये बुडबुडा नको, बाहेरचं पुसा. आम्लात सोडा, तेच आम्ल दोन-तीनदा ओढून पिपेट धुवा. 10 मिनिटं थांबा. मग थेंब थेंब डिस्टिल्ड वॉटर घालत शेजारच्या तुलनेच्या काचेच्या रंगाशी जुळवा. बघताना ढवळणी द्रवाच्या वर उचला, पण नळीबाहेर काढू नका.

कमी येतंय? बोट पिळलं असेल, म्हणजे रक्तासोबत टिश्यूतलं पाणीही आलं. किंवा 10 मिनिटं थांबला नाहीत आणि रंग पुरता उतरलाच नाही. जास्त येतंय? पिपेट बाहेरून पुसली नाही. किंवा पाणी जास्त झालं. इथे बहुतेक जण उलटं समजतात: पाणी जास्त म्हणजे रंग फिका, म्हणून हिमोग्लोबिन कमी. तसं नाही. वाचन द्रवाच्या उंचीवर आहे. रंग जुळल्यावरही पाणी घातलं तर पातळी चढते आणि आकडा फुगतो.

आरबीसी मोजताना 10,000 ने का गुणायचं?

आरबीसी म्हणजे तांबड्या पेशी. पिपेटमध्ये रक्त 0.5 खुणेपर्यंत, ते विरळ करणारा हेयेमचा द्राव 101 पर्यंत, म्हणजे 200 पट विरळ. मोजणीच्या काचेवर मोजलेले 80 बारीक चौकोन, प्रत्येकाचं घनफळ 1/4000 घन मिमी, म्हणजे एकूण 1/50. 200 गुणिले 50. डब्ल्यूबीसीला (पांढऱ्या पेशींना) 20 पट विरळ आणि 0.4 घन मिमी, म्हणून 50 ने. चौकोनाच्या दोनच कडांवरच्या पेशी धरायच्या, चारही धरल्या तर संख्या वाढते.

जुलैमध्ये ब्लड स्मिअर हमखास बिघडतो. आमचा हात वाईट की हवा?

बहुतेकदा हवा. दमट हवेत फिल्म (स्लाइडवरचा रक्ताचा पातळ थर) सावकाश वाळते, तेवढ्यात तांबड्या पेशी आक्रसून काटेरी दिसू लागतात. स्मिअर ओढल्याबरोबर स्लाइड जोरात हलवा किंवा पंख्यासमोर धरा.

दुसरं कारण बाटलीत असतं. लीशमन स्टेन (पेशींना रंग देणारा द्राव) मिथाइल अल्कोहोलमध्ये असतो आणि ते अल्कोहोल हवेतलं पाणी ओढतं. स्टेन पाण्याने बाटलं की पेशी नीट फिक्स होत नाहीत, तांबड्या पेशींत चकाकणारी भोकं दिसतात आणि कुणीतरी त्यांना परजीवी ठरवतं. मोठी बाटली दर तासाला उघडण्यापेक्षा लहान, घट्ट बुचाच्या बाटल्या करून ठेवा.

बाकी क्रम नेहमीचा: नुसता स्टेन 2 मिनिटं, मग दुप्पट बफर पाणी, पीएच 6.8, फुंकून मिसळा, 7 ते 10 मिनिटं. ओतताना स्लाइड तिरकी करू नका. पाण्याच्या धारेने स्टेन तरंगवून घालवा, नाहीतर वरचा चकचकीत साका फिल्मवर बसतो. सगळं निळं दिसलं तर पाणी अल्कधर्मी किंवा धुणं कमी. सगळं गुलाबी तर आम्लधर्मी. बफरऐवजी विहिरीचं पाणी चालतं का, असंही विचारतात. नाही.

बीपी मोजताना दोघांचे आकडे जुळत नाहीत.

पाच मिनिटं बसवलंत का? दंड हृदयाच्या पातळीवर होता का? हात खाली लोंबत असेल तर आकडा वाढतो, पट्टा दंडाला लहान असेल तरी वाढतो. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून 2-3 सेंमी वर. आधी नाडीवर बोट ठेवून ती कुठे नाहीशी होते ते बघा, त्याच्या 30 मिमी वर फुगवा, मग स्टेथोस्कोप लावून सेकंदाला 2-3 मिमी उतरवा. नाडीची पायरी गाळली तर काही जणांत आवाजांच्या मधली शांतता फसवते आणि सिस्टॉलिक कमी लिहिलं जातं.

सिंपथेटिक, पॅरासिंपथेटिक, अल्फा, बीटा... काहीच लक्षात राहत नाही.

तक्ता बाजूला ठेवा आणि विंचू आठवा. लाल विंचवाचं विष नसांमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं, त्यामुळे स्वायत्त (आपोआप चालणाऱ्या, म्हणजे सिंपथेटिक आणि पॅरासिंपथेटिक) नसा थांबायचं नावच घेत नाहीत. सुरुवातीला असेटिलकोलीन या नसांच्या निरोप्या रसायनाचा पूर: घाम, लाळ, उलटी. मग अ‍ॅड्रेनलीन आणि नॉरअ‍ॅड्रेनलीनचा. अल्फा-1 रिसेप्टरमुळे (पेशीवरची हा निरोप घेणारी जागा) रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, बीपी चढतं. आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलून हृदय थकतं आणि मागे फुप्फुसात पाणी साचतं. म्हणजे पाय डंखला आणि धाप लागली, याचा अर्थ लागला.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980च्या दशकात यावर प्रॅझोसिन वापरलं. ते अल्फा-1 अडवतं, रक्तवाहिन्या सैल होतात, हृदयावरचं ओझं उतरतं. औषधाचं नाव, रिसेप्टर आणि परिणाम अशी तिन्ही एका साखळीत बसली. यावर परीक्षकाचा आवडता उपप्रश्न: घाम सिंपथेटिक नसांचा, मग त्यात असेटिलकोलीन कसं? कारण बाकीच्या सिंपथेटिक नसा बहुधा नॉरअ‍ॅड्रेनलीन सोडतात, घर्मग्रंथींना जाणाऱ्या हा अपवाद आहे.

रक्त गोठण्याचा धडाही असाच, फुरशावरून. त्याचं विष गोठण्याचे घटक वापरून संपवतं, मग रक्त गोठतच नाही. सरकारी दवाखान्यात 2 मिली रक्त नव्या कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग तिरकी करतात. नळी काचेचीच का? काचेच्या स्पर्शाने गोठण्याचा अंतर्गत मार्ग सुरू होतो. साबणाने धुतलेली नळी हा मार्ग बिघडवते, प्लास्टिकची तो सुरूच करत नाही.

रक्तगट ‘ओ’ आला म्हणजे ‘ओ’च ना?

जवळजवळ नेहमी. पण 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असे लोक दाखवले ज्यांच्या पेशींवर ए, बी तर नाहीच, पण त्यांचा पाया असलेला एच अँटिजेनही (पेशीवरची ओळखखूण) नाही. नेहमीच्या अँटि-ए, अँटि-बी तपासणीत ते ‘ओ’ दिसतात. त्यांच्या सीरममध्ये अँटि-एच (एचवर हल्ला करणारी प्रतिपिंडं) असतं, त्यामुळे साधं ‘ओ’ रक्तही त्यांना चालत नाही. हाच बॉम्बे रक्तगट. दोन मार्कांचा प्रश्न, पण चांगला आहे.

रोज एसटीत दोन तास जातात. त्या वेळात काय करावं?

हलत्या गाडीत पुस्तक वाचू नका, मळमळेल (कानातला तोल आणि डोळे दोन वेगळ्या बातम्या देतात, म्हणून). स्वतःचं मनगट वाचा. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं वाकवा. मध्ये जो दोर उठतो तो पामारिस लाँगस; काहींना तो नसतोच, मग शेजारच्याचा बघा. त्याच्या अंगठ्याच्या बाजूला फ्लेक्सर कार्पी रेडियालिस, त्याच्याही बाहेर रेडियल नाडी. मीडियन नस पामारिसच्या आडोशाला, खाली. आता अंगठा ताठ मागे ताणा, त्याच्या मुळाशी खळगा पडतो. त्याच्या तळाशी स्कॅफॉइड हे मनगटाचं हाड. पडल्यावर तिथे दाबून दुखलं तर एक्स-रे चांगला आला तरी हाड मोडलेलं असू शकतं, कारण ती भेग पहिल्या दिवसांत अनेकदा दिसत नाही.